कर्नल घाबरला

मागच्या दिवाळीतली हकीकत आहे. भाऊबीजेसाठी मी नांदेडहून लातूरला अक्काकडे गेलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने साडेतीन तास हाडे खिळखिळी करून घेतली, गंजगोलाईत उतरलो, आणि अक्काच्या दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच तिने मला अंगणातच बाजूला घेतले.

"ह्याचं मिलिटरीत जायचं काही चाललंय का रे? तुला काही बोललाय का?" तिने हलक्या आवाजात विचारले.

"ह्याचं" म्हणजे आमच्या भाचेबुवांचे. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात, कॉम्प्युटरच्या शाखेत. मिलिटरीचा आणि त्यांचा संबंध सकाळी सहाचा गजर बंद करण्यापलीकडे कधी आला नव्हता.

"कोण म्हणालं मिलिटरी?"

"अरे, चार दिस झाले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर बोलायलाय. कर्नल असा, कर्नल तसा. परवा तर म्हणाला, कर्नल पॅनिक झाला. आता कर्नलच घाबरायला लागल्यावर शिपायांनी काय करावं?"

या सदराचे जुने वाचक जाणतात की, यंत्र म्हटले की माझी धाव सायकलच्या पंपापर्यंत. पोट भरतो मराठी शिकवून आणि उरलेला वेळ जातो पोथ्यांची पाने चाळण्यात. तेव्हा भाचेबुवांकडे जाऊन चौकशी करण्यापलीकडे अक्काला धीर देण्याचे दुसरे साधन माझ्यापाशी नव्हते.

चौकशीअंती कर्नलचा उलगडा झाला. ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा जो यंत्राचा कारभारी असतो, त्याच्या गाभ्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो, तोच हा शब्द. लष्करातल्या कर्नलचे इंग्रजी स्पेलिंग निराळे. उच्चार मात्र एक. म्हणजे अक्काला लागलेला घोर हा निव्वळ श्लेषाचा परिणाम होता. आणि कर्नल पॅनिक होतो तो असा : स्वतःच्याच हिशेबात काही विपरीत आढळले की तो पुढे रेटून घोटाळा वाढवीत नाही, आहे तिथे थांबतो आणि पडद्यावर तसे लिहून हात टेकतो. आमच्या अनेक संस्थांच्या कारभाऱ्यांना ही सवय असती तर बरे झाले असते. असो.

अक्काला हे सांगितले. ती म्हणाली, "मग कर्नल म्हणायचंच कशाला? गाभा म्हणा की!" मराठीच्या प्राध्यापकाला निरुत्तर करण्याची हातोटी तिला लहानपणापासून आहे.

आमचे भाचेबुवा हे लातूर पॅटर्नचे अस्सल अपत्य. दहावी-बारावीला या पठ्ठ्याने इतके सराव-पेपर सोडवले की, रद्दीवाला अक्काच्या घरावरून जाताना आवाज चढवून ओरडत असे. त्या पद्धतीला मी नावे ठेवणार नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना तिने डॉक्टर आणि इंजिनिअर केले आहे. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत असते. प्रश्नाला उत्तर असते, आणि ते उत्तरसूचीत शेवटच्या पानावर छापलेले असते. या वेळचा प्रश्न असा होता की, त्याला उत्तरसूचीच नव्हती. भाचेबुवांचा चेहरा त्यामुळे उतरला होता. चार दिवसांत दाढी केलेली नव्हती, आणि अक्काच्या चकल्या खोलीत जशाच्या तशा परत येत होत्या.

"मला समजेल असं सांग," मी म्हणालो. "वेळ आहे. जेवायला अजून तास आहे."

टेबलावर अच्युत गोडबोले यांचे ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडे पडले होते. गोडबोल्यांना मी मराठी ग्रंथकार म्हणून ओळखत आलेलो; सोलापूरच्या या गृहस्थांनी भाच्याच्या टेबलावरही ठाण मांडले आहे हे पाहून मला जरा धीर आला. शेजारी एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचे छापून काढलेले कागद होते. नाव एक्सव्ही-सिक्स. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत २००६ साली ती मुलांना शिकवण्यासाठी तयार केली. आज कोणीही ती फुकट घ्यावी आणि उकलून पाहावी. तिचा मूळ पुरुष म्हणजे बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी रचलेल्या युनिक्सची १९७५ सालची सहावी आवृत्ती.

त्या सहाव्या आवृत्तीची एक कथा भाचेबुवांनी सांगितली, ती ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकाने तिच्या सुमारे नऊ हजार ओळींवर १९७७ साली भाष्य लिहिले. पुढच्या आवृत्तीपासून कंपनीने ते ओळखी वर्गात शिकवायला मनाई केली. झाले! भाष्याच्या छायाप्रती निघाल्या, त्या छायाप्रतींच्या छायाप्रती निघाल्या, आणि पुसट अक्षरांचा तो ग्रंथ देशोदेशींच्या विद्यार्थ्यांत हातोहात फिरत राहिला. राजरोस छापील पुस्तक म्हणून तो १९९६ साली बाहेर आला. ज्ञानेश्वरीच्या ओव्याही नऊ हजारांच्या घरातल्याच. मूळ ग्रंथ, त्यावर भाष्य, आणि भाष्याच्या नकला करणारे भाविक, ही माझ्या ओळखीची दुनिया होती.

"मामा, तुमची पोथी सुट्या पानांची असते ना?" भाचेबुवांनी सुरुवात केली.

"असते. दोन फळ्यांत दाबून वर फडकं बांधलेलं."

"मग समजा, एका खोलीत दहा जण आपापली पोथी वाचायलेत. पण पानं मांडून ठेवायला कपाट एकच. त्या कपाटात कुणाचं पान कुठंही असतंय. एकाचं सातवं पान तीनशे बाराव्या खणात, दुसऱ्याचं सातवं पान चाळिसाव्या खणात. वाचणाऱ्याला त्याचं काही नाही. तो सात म्हणतो, त्याला सात मिळतं. खण कुठला ते फक्त कर्नलला ठाऊक. कर्नल प्रत्येकाच्या नावाची एकेक वही ठेवतो. ह्याला पेजिंग म्हणतात."

"आणि कपाट भरलं तर?"

"तर जी पानं सध्या कुणी वाचत नाही ती खाली ट्रंकेत. ट्रंक म्हणजे डिस्क. मागितली की वर आणून द्यायची. वाचणारा मागतो आणि पान जागेवर नसतं, त्याला पेज फॉल्ट म्हणतात. नाव फॉल्ट, पण त्यात चूक कुणाचीच नसते."

ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली ॲटलस नावाचे यंत्र सुरू झाले, त्यात ती प्रथम आली. जलद मेमरी १६ हजार शब्दांहून थोडी अधिक, फिरत्या ढोलावरची मंद मेमरी ९८ हजार शब्दांची, आणि ५१२ शब्दांचे एक पान. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच सलग मेमरी असल्याचे भासे. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे टिफ्रॅक यंत्र चालू होते. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, आणि त्यात काय कुठे ठेवायचे ही उठाठेव ज्याची त्याने करायची. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स रचायला घेतले. जर्मनीतल्या कोणा गृहस्थाच्या यंत्रात मेमरी अवघी दोन मेगाबाइट. त्याचे काम त्यात मावेना. तेव्हा टॉरवॉल्ड्सने नाताळच्या दिवसांत बसून पाने डिस्कवर ठेवण्याची सोय लिनक्समध्ये घातली.

"त्यानं पण सणासुदीतच केलं," भाचेबुवा म्हणाले. चकली न खाण्याचे हे समर्थन असावे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. या राज्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला जन्म देतो. जन्म देणारा बाप, जन्मलेले ते मूल. बाप आधी गेला तर अनाथ पोराला पहिला मूळपुरुष प्रोग्रॅम दत्तक घेतो. मूल संपले आणि बापाने त्याची विचारपूसच केली नाही, तर ते भूत होऊन यादीत लटकत राहते. मी हे गमतीने लिहीत नाही. ही त्यांच्या शास्त्रातली रूढ परिभाषा आहे.

मूल जन्मते तेव्हा त्याच्याकडे बापाची सगळी पोथी जशीच्या तशी यायला हवी. पण सगळी पोथी उतरवून काढायची म्हणजे वेळ जातो आणि कपाटातली जागाही जाते. शिवाय पुष्कळदा ते पोर त्यातले एक पानही न वाचता दुसऱ्याच उद्योगाला लागते. म्हणून कर्नल हात राखून वागतो. नक्कल काढीतच नाही. दोघांच्याही वहीत तोच खण लिहितो आणि पुढे खूण करतो : केवळ वाचण्यापुरते. दोघेही वाचत बसतात. ज्या क्षणी दोघांपैकी एक जण लिहायला लेखणी टेकवतो, त्या क्षणी दारावरचा पहारेकरी त्याला अडवतो, कर्नल धावत येतो, तेवढ्या एका पानाची नक्कल काढतो आणि लिहिणाऱ्याला ती देतो. दुसऱ्याचे पान शाबूत राहते. पान किती जणांत सामाईक आहे याची मोजदादही ठेवावी लागते. कारण शेवटचा माणूस उठून गेल्याशिवाय खण रिकामा करता येत नाही.

एक्सव्ही-सिक्समध्ये ही सोय नसते. ती घालणे हाच मुलांना दिलेला अभ्यास. दोघादोघांच्या जोड्या होत्या. भाचेबुवांची जोडीदारीण नांदेडची एक मुलगी. मोजदादीचे काम तिच्याकडे, बाकीचे यांच्याकडे. काम झाले, चाचण्या लावल्या, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा : चूक! मुलाने बापावर लिहिले.

अक्का त्याच वेळी जेवायला बोलवायला आली होती. तिने तो अर्थ ऐकला आणि म्हणाली, "त्यात नवीन काय? घरोघरी तेच."

जेवताना भाचेबुवा बोलले नाहीत. मग मीच विचारले, "दोष कुठं आहे असं तुला वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? मोजणीत आहे. मोजणी तिच्याकडं. दोघं वापरायलेत आणि मोजणीत एकच दिसला, तर तो उठताच कर्नल खण मोकळा समजतो आणि तिसऱ्याला देऊन टाकतो. मग एकाचं दुसऱ्यात जाणारच. मी सरांनाही सांगितलंय तसं."

"काय सांगितलंस?"

"की माझा भाग झालाय, तिचा राहिलाय म्हणून."

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही. परत बघते म्हणाली. तीनदा लिहून काढलं तिनं. तरी तेच."

सरांनी वहीत तिच्या नावापुढे काहीतरी टिपून घेतले होते. सुट्टी संपल्यावर प्रात्यक्षिक होते. रात्री दोनपर्यंत चालणारे फोन म्हणजे लढाईची आखणी नव्हे, तर त्या मुलीची उलटतपासणी होती, हे माझ्या आता ध्यानात आले.

जेवण झाल्यावर मी त्याच्या खोलीत जाऊन बसलो. मला त्या ओळींतले अक्षर कळत नव्हते. पण प्रत बिघडली म्हणजे काय करायचे एवढे मला माहीत आहे. आमचा तो धंदाच आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र. परचक्राच्या धामधुमीत त्याची मूळ प्रत हरवली, आणि महानुभावांनी आठवणीतून तो पुन्हा सिद्ध केला. तेव्हापासून पाठभेदांचे जे रान माजले, ते उपटता उपटता वि. भि. कोलत्यांसारख्यांची हयात गेली. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही अशाच गढूळ झालेल्या प्रतींतून. या कामात पहिली सवय लावून घ्यावी लागते ती ही की, चूक दिसली म्हणून लगेच लेखकूला शिव्या द्यायच्या नाहीत. चूक कुठे कुठे आहे ते मांडायचे. आणि त्याहून महत्त्वाचे, कुठे कुठे नाही ते मांडायचे.

"चाचण्या किती?" मी विचारले.

"तीन प्रकारच्या."

"तिन्हीत बाप बिघडतो?"

"नाही. पहिल्या दोन पास व्हायल्यात. तिसरीत जातं."

"पहिल्या दोनांत काय असतं?"

पहिलीत एक बाप बरीचशी मेमरी अडवून मूल काढतो. दुसरीत तिघे जण सामाईक पानांवर एकाच वेळी लिहीत सुटतात. तिसरीत मूल स्वतः लिहीत नाही. बाप एका नळीतून मजकूर पाठवतो आणि मूल तो वाचून घेते.

"म्हणजे मोजणीची खरी कसोटी दुसरीत," मी म्हणालो. "तिघंतिघं लिहितात तिथं. मोजणी चुकली असती तर ती तिथं आधी बिघडली असती, नाही का?"

भाचेबुवा काही बोलले नाहीत. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मला वाटले, माझे काही तरी भलतेच चुकले. मी पांघरूण घेऊन शेजारच्या खाटेवर आडवा झालो.

एकच्या सुमाराला त्यांनी मला हलवून उठवले. "मामा, पहारेकरी!"

झोपेत मला पहिल्यांदा अक्काची मिलिटरीच आठवली.

प्रकार असा होता. पहारेकरी अडवतो तो वाचायला बसलेल्यांना, म्हणजे बापाला आणि मुलाला. तिसऱ्या चाचणीत मुलाने स्वतः लेखणी टेकवलीच नव्हती. नळीतून आलेला मजकूर मुलाच्या पानावर उतरवून ठेवण्याचे काम कर्नल स्वतः करतो, आणि कर्नल आपल्या मालकीच्या दाराने, स्वतःच्या किल्लीने कपाटात जातो. त्याला पहारेकरी कसा अडवणार? पुढची "केवळ वाचण्यापुरते" ही खूण त्याने पाहिलीच नाही. खण उघडला आणि लिहून मोकळा झाला. तो खण बापाचाही होता. म्हणून त्या एका वाटेवर कर्नलला हाताने शिकवावे लागते : बाबा रे, लिहिण्याआधी खूण पाहा, पान सामाईक असेल तर आधी नक्कल काढ. ही वाट भाचेबुवांच्या वाटणीची होती. मुलीच्या मोजणीत पहिल्या दिवसापासून काही दोष नव्हता.

दहा-बारा ओळी घालाव्या लागल्या. पुन्हा चाचण्या लावल्या. तिन्ही पार! भाचेबुवांनी अशी काही आरोळी ठोकली की, आतल्या खोलीतून अक्का ओरडली, "सुधारला का रे तुझा कर्नल?"

"तिला कळव," मी म्हणालो.

"आता? एक वाजून गेला. सकाळी सांगतो, चाललं म्हणून."

"कुठं होतं ते?"

थोडा वेळ गेला. "चाललं एवढं सांगितलं तरी बास की. कुठं होतं ते सांगून काय करायचं? पास झालं म्हणजे झालं."

मी काही बोललो नाही. दिवा मालवला. पण मग मला झोप आली नाही. त्याचे कारण भाचेबुवा नव्हते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी, एम.ए. होऊन थोडे दिवस झाले असताना, मी माहूरच्या बाजूच्या एका खेड्यात पोथी उतरवून घ्यायला गेलो होतो. एका वृद्ध गृहस्थांच्या माळ्यावर ती होती. त्यांच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. चार दिवस त्यांनी मला घरात ठेवून घेतले, शेजारी बसून पाने हातात दिली, दोन वेळा जेवू घातले. परत येऊन मी एका छोट्या मासिकात लेख लिहिला. आणि त्यात, नव्या विद्वत्तेच्या तोऱ्यात, या प्रतीचा लेखकू गलथान असून त्याने एका जागी मजकुराचा क्रम उलटापालटा केला आहे असे ठोकून दिले. अंक त्यांना पाठवलाही. चार वर्षांनी दुसऱ्या कामासाठी माझी टिपणे काढली तेव्हा उमगले. जुन्या पोथीत पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूला लिहिलेला असतो. एका पानाची आकड्याची बाजू मी पुढची समजून आधी उतरवली होती. पणजोबांचा हात स्वच्छ होता. उलटापालट केली होती ती माझ्या वहीत. मी पत्र लिहायचे ठरवले. ठरवण्यात दोन वर्षे गेली. मग कळले की ते गृहस्थ वारले. लेख अजून त्या मासिकाच्या जुन्या अंकात तसाच आहे.

सकाळी चहा घेताना मी हे भाचेबुवांना सांगितले. उपदेश केला नाही. मला तो करता आलाही नसता. त्यांनी बशीतला चहा संपवला, आत गेले, आणि फोन घेऊन बाहेर आले.

"हे बघा मामा," म्हणाले. "ह्याचं नाव डर्टी काऊ."

हेही पानाच्या नकलेचेच दुखणे, पण प्रत्यक्ष लिनक्सच्या कर्नलमधले. २००७ सालच्या आवृत्तीपासून ते त्यात होते आणि २०१६ साली फिल ओस्टर नावाच्या माणसाने, कोणीतरी त्याचा गैरफायदा घेत असताना, ते पकडले. मधली नऊ वर्षे जगातल्या असंख्य सर्व्हर यंत्रांत आणि पुढे अँड्रॉइड फोनांतही ते नांदत होते, तुमच्या-माझ्या खिशातसुद्धा. तिथेही कर्नल दुसऱ्याच्या वतीने लिहायला निघतो. सामाईक पानाची नक्कल काढतो, बरोबर वागतो. पण नक्कल काढणे आणि लिहिणे या दोहोंच्या मधल्या निमिषात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा हात ती नक्कल फेकून देतो. कर्नल पान शोधायला पुन्हा वहीकडे जातो. आणि या खेपेला, आपण लिहिण्यासाठी आलो आहोत हेच तो विसरलेला असतो. त्याला मूळ पान मिळते. तो त्यावर लिहितो. ज्या पानावर लिहिण्याचा अधिकारच नाही असे मूळ पान याप्रमाणे बदलता येत होते, आणि ते बदलून साध्या नोकराला यंत्राचा मालक होता येत होते.

"पण मला हे दाखवायचं नव्हतं," भाचेबुवा म्हणाले. "खालची नोंद बघा."

दुरुस्ती टॉरवॉल्ड्सने स्वतः केली. कर्नलमध्ये प्रत्येक दुरुस्तीसोबत ती का केली याची नोंद लिहावी लागते, आणि ती कायमची राहते. त्या नोंदीत त्याने सांगितले आहे की, हा दोष पुरातन आहे. अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायला गेलो होतो आणि वाईट रीतीने केला, आणि मग दुसऱ्या एका जातीच्या यंत्रावर अडचण आली म्हणून ती दुरुस्तीही काढून टाकली गेली. सगळे जग वाचणार अशा जागी, कोणी विचारले नसताना. आणि एवढे होऊनही २०१७ साली आढळले की, मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत ती नवी दुरुस्तीही अपुरीच पडली होती.

मी ती नोंद दोनदा वाचली. इंग्रजी माझे बेताचे. पण ती समजायला अडचण पडली नाही.

दुपारी मी निघालो तेव्हा भाचेबुवा पाठीला पिशवी अडकवून दारात उभे. "मी पण येतो नांदेडला. एका दिवसासाठी." अक्काने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. तिने करंज्यांचा डबा आणखी एक भरला.

एस.टी.त चाकूरपासून ते फोनवर सरांसाठी मजकूर लिहीत होते. लिहायचे, पुसायचे. शेवटी फोन माझ्यापुढे धरला. इंग्रजी सोडून ते मराठीवर आले होते. "'चूक झाली होती, ती दुरुस्त केली आहे.' बरोबर आहे ना, मामा?"

"व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे," मी म्हणालो. "या वाक्यात झाली कोण? चूक. म्हणजे कर्ता चूकच. करणाऱ्याला या वाक्यात शिरायला वाव नाही. आपल्या भाषेत ही मोठीच सोय आहे. सरकारी पत्रव्यवहार सगळा तिच्यावर चालतो."

त्यांनी फोन परत घेतला. अहमदपूरच्या स्थानकात गाडी दहा मिनिटे थांबली. चहा पिऊन मी परत आलो तेव्हा मजकूर गेलेला होता. मी डोकावून पाहिले. पहिले वाक्य होते, "सर, मी चुकलो." पुढे कुठल्या फंक्शनात, कुठल्या ओळीत, आणि जोडीदारणीची मोजणी पहिल्यापासून बरोबर होती, असे सगळे होते. इतके लांब मराठी त्यांनी बारावीच्या निबंधानंतर लिहिले नसावे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सात होत्या. त्या मी काढल्या नाहीत.

नांदेडला उतरेपर्यंत दिवेलागण झाली होती. मुलीचे घर जुन्या वस्तीत, गोदावरीच्या अंगाला. तिच्या आईने दार उघडले, "या सर, या," म्हणून आत घेतले. दिवाळीचा पाहुणा समजून फराळाचे ताट मांडले. मुलगी आतून आली. भाचेबुवांना पाहून चौकटीतच थांबली. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. तीनदा तीच मोजणी लिहून काढली होती तिने, जिच्यात काही नव्हतेच.

भाचेबुवांनी वाटेत काय काय पाठ केले होते कोण जाणे. त्यातले काही आठवले नसावे. "मोजणीत नव्हतं," एवढेच म्हणाले. "माझ्यात होतं. सरांना लिहिलंय मी."

ती एकदम काही बोलली नाही. तिची आई आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिली. मी चिवड्यातले शेंगदाणे मोजू लागलो.

"कुठल्या ओळीत?" तिने विचारले.

त्यांनी लॅपटॉप उघडला. ती खाली बसली आणि वाचू लागली. ओळीवर बोट ठेवून, हळूहळू. पोथी वाचावी तसे. दहा-बारा ओळींना तिने दहा मिनिटे घेतली.

"खूण बघतो. सामाईक असलं तर नवीन पान घेतो. नक्कल काढतो. मग लिहितो," ती स्वतःशीच म्हणाली. मग मान वर केली. "आणि नवीन पान घ्यायला गेला आणि पान शिल्लकच नसलं तर?"

भाचेबुवा बघतच राहिले.

"तू नवीन पान मिळणारच असं धरून चाललायस. मिळालं नाही तर? काय करायचं ते लिहिलंच नाहीस की इथं. थांबवायला नको का त्या प्रोग्रॅमला?" आणि मग, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडे हसू आले. "लातूरचा ना रे तू?"

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला येत होती. त्या वेळी भाचेबुवा दहा-अकरा वर्षांचे असतील. टँकरपुढच्या रांगेत कळशी धरून उभे राहायचे काम अक्काने त्यांच्याकडेच दिले होते. कधी कधी त्यांची पाळी येईपर्यंत टँकर कोरडा होई.

त्यांनी काही उत्तर दिले नाही. लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. ती लिहू लागली, आणि हे शेजारी बसून पाहू लागले.

मी करंज्यांचा डबा तिच्या आईच्या स्वाधीन केला आणि घरी आलो. साडेनऊला फोन आला. मागे दोन आवाज एकमेकांत मिसळून चालले होते.

"मामा, मला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."